माशाच्या पोटावरचा वाघ

मित्रांनो, मी पत्र्याचा एक जुना ट्रे आहे. ट्रे म्हटलं की तुम्हाला चहाचे कप आठवतील. माझ्यावरून चहा कधी गेला नाही. माझ्यावरून पुस्तकं निघाली.

अहेरीच्या बाजारात एका कारागिराने घासलेटच्या डब्याचा पत्रा ठोकून मला घडवलं. ते साल एकोणीसशे चोपन्न. मला घेऊन गेला शालिकराम. त्याचं घराणं तळ्यात मासे धरणारं, पण तो ठेकेदाराच्या लाकूड डेपोवर जायचा आणि सागाच्या ओंडक्यांवर आकडे रंगवायचा. उरलेल्या वेळात तो एका वाघाच्या चित्रांच्या गोष्टी काढायचा. त्या गोष्टी घेऊन तो एकदा चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, छापखान्यात गेला होता. मालक हसून म्हणाला, "तुह्या वाघाच्या चित्राचा ब्लॉक बनवाले नागपूरले कोन जाईन?" शालिकराम परत आला आणि स्वतःच छापायचं ठरवलं.

शाळेचे मास्तर परीक्षेचे पेपर ज्या रीतीने काढत, ती रीत त्याने शिकून घेतली. सरस आणि ग्लिसरीन उकळून माझ्यात ओतायचं. ते थिजलं की जांभळ्या शाईने काढलेला कागद त्यावर पालथा दाबायचा. चित्र सरसात उतरतं. मग कोरे कागद एकामागून एक लावायचे आणि उचलायचे. चाळीस-पंचेचाळीस प्रती निघतात. एका कागदावर आठ चौकटी, घड्या घातल्या की झालं पुस्तक. सरस विकतचा नव्हताच. शालिकरामची बायको गिरजा माशांची कातडी आणि खवले उकळून तो बनवायची. बाजारात पुस्तकंही तीच विकायची, माशांच्या टोपलीशेजारी मांडून. लोक वास घेऊन विचारत, "बाई, वाचून झाल्यावर याचा रस्सा करायचा का?"

"करा ना," गिरजा म्हणायची, "पन आधी वाचा."

त्या पुस्तकांतला वाघ म्हणजे वाघोजी. तो दर वेळी काहीतरी तक्रार घेऊन यायचा आणि लोक खो-खो हसायचे. तीन वर्षं माझे दिवस फार सुखाचे गेले.

माझ्यात एक दोष मात्र होता. छपाई संपली तरी चित्र माझ्यातून लगेच जात नसे. शाई तळाशी जिरायला पुरा एक दिवस लागे. तोवर जो येईल त्याला ते दिसे. माझ्यावर झाकण नव्हतं आणि मला पाठही फिरवता येत नव्हती.

सत्तावन्न सालच्या पौषात डेपोवर ओंडका घसरला आणि त्याखाली वच्छला नावाची मजूर बाई गेली. शालिकराम दहा पावलांवर होता. ठेकेदाराच्या मुन्शीने सांजेच्या आत सगळीकडे सांगितलं, बाई सरपणाला गेली होती, तिला वाघाने नेलं. ज्यांनी पाहिलं होतं ते गप्प बसले. सगळ्यांनाच उद्या कामावर जायचं होतं.

त्या वेळी आमच्या गावात अशी समजूत होती की, वाघाने मारलेल्या माणसाच्या घरी पाणी प्यायचं नाही. तसं केलं तर वाघ मागे लागतो. वच्छलाचा नवरा इस्तारी घरात एकटा पडला. त्याच्या अंगणात कोणी पाऊल ठेवीना. तो एकदा आमच्या दाराशी आला, पण आत न येता म्हणाला, "भाऊ, तू त पाह्यलं होतं ना?"

दोन दिवस शालिकरामला जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी तो डेपोवर गेलाच नाही. त्याने आठ चौकटी काढल्या. पहिल्या चौकटीत ओंडका, त्याखाली लुगड्याचा पदर. शेवटच्या चौकटीत वाघोजी हात जोडून उभा: "मले काऊन बदनाम करता, मालक? मी त त्या दिवशी नदीपलीकडं झोपलो होतो!"

भरदुपारी छपाई संपली. प्रती धानाच्या कणगीत लपवल्या, तेवढ्यात अंगणातून मुन्शीचा आवाज आला.

"काऊन रे शालिक, डेपोवर दिसला नाईस? नवं पुस्तक काढून राह्यला म्हनते!"

मी ओट्यावर उघडा पडलो होतो. माझ्या छातीवर ओंडका, पदर, वाघ, सगळं जांभळं आणि उलटं. ते सुलटं करून वाचायला मुन्शीला कितीसा वेळ लागला असता? गिरजाने माशांची टोपली उचलली आणि सगळी माझ्यावर ओतली.

"कायचं पुस्तक," ती म्हणाली. "ताप आहे त्याले. मासोळ्या पाह्यजे का?"

मुन्शी जवळ आला. त्याने शेपटी धरून एक मोठा रोहू उचलला. मित्रांनो, ओल्या माशाने माझी शाई ओढून घेतली होती. त्याच्या पांढऱ्या पोटावर वाघोजी अगदी सुलटा उमटला होता. पोट भिंतीकडे होतं. मुन्शीने मनगट थोडं जरी फिरवलं असतं तरी सगळं संपलं असतं.

"हा ठेकेदारसाहेबाले चालीन," तो म्हणाला.

"असा नेता का? द्या, साफ करून देतो." गिरजाने मासा त्याच्या हातून जवळजवळ ओढलाच. विळीच्या पात्यावर पोट घासलं. खवल्यांसोबत वाघ राखेत पडला.

"हात जांभळे काऊन?"

"लुगडं रंगवलं."

"रंगीत लुगडं नेसून तळ्यात उतरतेस वाटते!" मुन्शी स्वतःच्याच विनोदावर हसला आणि मासा घेऊन गेला. तो वळणापलीकडे गेल्यावर गिरजा राखेने हात घासत बसली.

तीन दिवस रंग निघाला नाही. बाजार दुसऱ्याच दिवशी होता, आणि तिथे मुन्शीही यायचा. जांभळ्या हातांनी जांभळी पुस्तकं विकायला तिला जाता येईना. तेव्हा आयुष्यात कधी काही न विकलेला शालिकराम प्रती सदऱ्याखाली बांधून निघाला. गिरजाने जाऊ नका म्हटलं नाही. दिवसभर ती दाराकडे पाहत राहिली, आणि मीही.

ऊन उतरताना तो आला. सदरा सैल पडला होता, आत एकही प्रत उरली नव्हती.

"कोनी पाह्यलं?" गिरजाने विचारलं.

"मालूम नाई. इस्तारीकडं पानी पिऊन आलो," तो म्हणाला. "माह्या आधी चौघं पिऊन गेले होते."

त्यानंतरही दाराशी चपला वाजल्या की त्याचा हात थांबायचा. ती भीती शेवटपर्यंत गेली नाही. काढणंही थांबलं नाही. पुढे शहरातून रंगीत पुस्तकं आली, माझ्यावर मिरच्या वाळू लागल्या. शालिकराम आता नाही. त्याच्या मुलीने मला पुसून कपाटात ठेवलं आहे.

मित्रांनो, तुमच्या गावातही कोणीतरी भीत भीत खरं लिहीत असेल, काढत असेल. त्याच्या धीराचं कौतुक मागाहून करा. आधी त्याच्या घरी जाऊन बसा.