मोकळ्या खणातली चिठ्ठी

मी एक जुनं जोड्यांचं कपाट आहे, मित्रांनो. खण एकशेवीस, दार एकालाही नाही. जपानच्या एका बेटावरच्या म्हाताऱ्या सुताराने होडीच्या उरलेल्या फळ्या ठोकून मला बनवलं आणि शाळेच्या दारात उभं केलं. पोरं यायची, बाहेरचे बूट माझ्यात ठेवायची, आतले पांढरे जोडे घालून वर्गात पळायची. घरी जाताना उलट. चाळीस वर्षं नुसता पायांचा वास घेतला, पण कोण आलं, कोण गेलं, हे मास्तरांच्या आधी मला कळायचं.

सत्र संपलं की मात्र आतले जोडेही धुवायला घरी न्यायचे. त्या दिवशी मी साफ ओकंबोकं.

अशाच एका मार्चात, शेवटच्या दिवशी साएको आली. इकडंतिकडं बघितलं आणि तोमोहिरोच्या खणात चिठ्ठी सरकवून पळाली. घाबरलेल्या पोरीला दिसलंच नाही, की खणात बूट नाहीत आणि जोडेही नाहीत. पोरगा कधीच घरी गेला होता. त्याचं बिऱ्हाड त्याच दुपारच्या बोटीने ओसाकाला चाललं होतं, हे साऱ्या शाळेला ठाऊक होतं.

मागून फुमिए आली. साएकोची बालवाडीपासूनची मैत्रीण. तिने अक्षर ओळखलं, रिकामा खण बघितला, आणि तिला सगळं उमगलं. तरी माझी फळी धरून उभीच राहिली. मी मनात म्हणतोय, अगं, हल की. शेवटी चिठ्ठी उचलून, आतल्या जोड्यांनिशीच, चिखल तुडवत धक्क्याकडं पळाली.

फुमिए परतली तेव्हा साएको पुन्हा दारात येऊन उभी होती.

"आतले जोडे घालून कुठं उंडारतेस? ओकुदा सर सोलून काढतील."

"तुझ्यापायी. रिकाम्या खणात चिठ्ठी टाकतात होय, येडे?"

साएकोचा चेहरा उतरला. "दिलीस त्याला?"

"बोट सुटली होती. नुकतीच." फुमिएने चिठ्ठी पुढं केली. "ऐक. मी आधी इथं नुसती उभी होते. पाच मिनिटं तरी. तेवढ्यात गाठला असता."

"का उभी होतीस?"

"मलापण आवडतो ना तो."

मला वाटलं, तुटलं यांचं.

"काढ ते," साएको म्हणाली.

"काय?"

"जोडे. चिखल वाळला तर निघायचा नाही."

दारापुढच्या नळावर बसून ती घासायला लागली. फुमिए मोजे घालून शेजारी उभी.

"त्याच्यात बघितलंस तरी काय तू?" साएकोने मान वर न करता विचारलं. "धड शिट्टी मारता येत नाही त्याला."

"मग तू काय बघितलंस?"

दोघी हसल्या, आणि हसता हसता रडल्या. ती चिठ्ठी पुढं टपालाने गेली का, देव जाणे. कपाटाला शाळेच्या अंगणापलीकडचं दिसत नाही.

आता शाळा बंद आहे. मी कोळ्यांच्या शेडमध्ये जाळी सांभाळतो. खारं वारं लागून फळ्या फुगल्यात. कधी आलात तर फडकं मारा, बरं वाटेल. आणि एक सांगतो. मनात येतं आणि पाय अडतो, हे माणसाचं होतंच. पण 'मी अडलो होतो' हे सांगायला उशीर करू नका.