पाहुण्यांसाठी भरवलेला वर्ग

मी बाक बोलतोय. टिटवाळ्याच्या एका छोट्या कला महाविद्यालयात, तत्त्वज्ञानाच्या वर्गात मी पुढून तिसरा होतो. त्या शनिवारी जे पाहिलं त्याने माझी बोलतीच बंद झाली होती. आज कुठे तोंड उघडतोय.

मला सागवानी म्हणून विकत आणलं आणि निघालो साध्या जंगली लाकडाचा. पण ते जाऊ द्या. वर्गात मुलं तीनच: संचिता, ऋतुराज आणि संदेश. सुमेधा मॅडम शिकवायच्या कमी, गप्पाच जास्त मारायच्या. वाद रंगला की संदेश माझ्यावर मुठी आपटायचा. मला राग यायचा आणि बरंही वाटायचं. मात्र चौथं कुणी आलं नाही तर जूनपासून हा वर्ग बंद, असं संस्थेने बजावलं होतं.

अशात डोंबिवलीहून श्रिया नावाच्या एका मुलीच्या बाबांचा फोन आला. मुलीला घेऊन कॉलेज बघायला येतो म्हणाले.

प्राचार्य रत्नदीप सर हरखले आणि त्या भरात त्यांनी कहर केला. "रिकामे बाक बघून बाप पोरीला घेऊन पळेल," म्हणाले. शेजारच्या मैदानावर पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं असतात, ती बोलावून वर्गात कोंबली. मॅडम नको नको म्हणत होत्या, पण ऐकतो कोण? माझ्यावर चार घामट पोरं बसली. मी हादरलोच!

श्रिया आणि बाबा आले. बाबांनी पंखे पाहिले, भिंतीची ओल पाहिली आणि भरलेला वर्ग बघून समाधानाने मान डोलावली. श्रियाचा चेहरा मात्र उतरला. मॅडमनी चाचरत विचारलं, "खोटं बोलणं कधी योग्य ठरतं का?" माझ्यावरचा एकजण ताडकन उठला आणि छाती काढून ओरडला, "येस सर!"

तेवढ्यात मैदानावर शिट्टी वाजली. सगळी पोरं उठून धावत सुटली आणि त्या धक्क्याने मी आडवा झालो. वर्गात तिघंच उरली.

"हा काय प्रकार आहे, सर?" बाबांचा आवाज चढला.

मग श्रिया बोलली. "सर, बारावीला आमच्या वर्गात शंभरावर मुलं होती. एकाही टीचरला माझं नाव माहीत नव्हतं. इथे वर्ग छोटा आहे असं ऐकलेलं, म्हणून बाबांच्या मागे लागून आलेले. मघाशी ती गर्दी बघून माझा मूडच गेला."

"अगं, मग आता बघ ना, तीनच आहेत!" सर घाईघाईने म्हणाले.

"हो. पण आता तुमच्यावर विश्वास कसा ठेवू?"

बापलेक निघून गेले. मॅडम खुर्चीत टेकल्या.

वर्ग बंद झाला. मी आता मैदानाच्या कडेला असतो, पोरं माझ्यावर पाय ठेवून बुटांच्या नाड्या बांधतात. त्याचं काही नाही. पण लेकरांना कॉलेज दाखवणाऱ्यांनो, जे आहे तेच दाखवा हो. चौथी मुलगी आमच्या दारात येऊन उभी होती!