होडीवर मिरवलेली ताडपत्री

मित्रांनो, मी एक जुनी ताडपत्री आहे. माझा निळा रंग उडाला आहे आणि कडेच्या बऱ्याच कड्या तुटल्या आहेत. पण मी तोंड लपवते ते म्हातारपणामुळे नव्हे. माझ्या हातून एक गोष्ट घडली आहे, ती सांगितल्यावाचून मला चैन पडत नाही.

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात एका गावाबाहेर दुकानांसमोर मोठा वाहनतळ आहे. हिवाळ्यात तिथला बर्फ वितळावा म्हणून व्हर्लिन हौगेन त्यावर मीठ पसरतो, जाडंभरडं खडेमीठ. दुकानांच्या मागे त्या मिठाचा घराएवढा ढीग असे आणि ढिगावर मी. मी उडू नये म्हणून माझ्या कडांवर जुने टायर ठेवलेले असत. पाण्याचा थेंब मिठाला शिवू द्यायचा नाही, एवढंच माझं काम. सहा वर्षं ते मी चोख केलं. व्हर्लिन माझं कौतुक करी आणि मी फुगून जाई.

ढिगाखालच्या उतारावर मार्लिसबाईंचं घर होतं. अंगणात उथळ विहीर आणि तिच्यावर हातपंप. बर्फ पडला की म्हातारी थर्मास भरून व्हर्लिनसाठी कॉफी आणी. "सगळी चव पाण्याची आहे बरं!" ती दर वेळी बजावी. "हे पाणी पिऊन माझ्या सासूबाईंनी नव्वदी गाठली."

गेल्या वर्षी हिवाळा संपला तेव्हा अर्धा ढीग उरला होता. मे महिन्यात मासेमारीचा हंगाम खुला झाला. आमच्याकडे तो सणच, घरटी एक होडी बाहेर निघते. व्हर्लिनच्या होडीचं झाकण उंदरांनी कुरतडलं होतं. त्याच्या मेव्हण्याची, गेलनची, नजर माझ्यावर गेली.

"दाजी, ही घ्या की! उन्हाळ्यात मिठाला काय थंडी वाजतेय?"

"अरे, पण पाऊस आला म्हणजे?"

"आला तर आला. आता मीठ लागतंय कुणाला? आठवड्याचा तर प्रश्न आहे!"

व्हर्लिन हसला आणि टायर ओढू लागला.

खरं सांगते, मी हरखले. ढिगावर कोण बघत होतं मला? होडीवर गेल्यावर समोर सरोवर होतं, वारा होता, येणारेजाणारे होते. एका आठवड्याचा अख्खा उन्हाळा झाला. पाऊस कोसळे तेव्हा होडी कोरडी ठेवल्याचा मला अभिमान वाटे. त्याच पावसात तिकडे माझं मीठ उघडं पडलं होतं. मित्रांनो, हे मला ठाऊक होतं. तरी मी मिरवत राहिले.

उन्हाळा संपल्यावर परत आले तेव्हा ढीग खचला होता. उतारावर पांढरा ओघळ थेट मार्लिसबाईंच्या कुंपणापर्यंत गेला होता. त्यांच्या मेपलच्या झाडाची पानं कडेनं करपली होती. व्हर्लिननं पाहिलं, मान हलवली आणि मला पुन्हा ढिगावर पसरलं.

पहिला बर्फ पडला. म्हातारी थर्मास घेऊन आली. व्हर्लिननं एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला.

"खरं सांग हं, व्हर्लिन," ती म्हणाली. "मला वाटलं, माझी जीभच म्हातारी झाली. कॉफी खारट लागतेय का रे?"

व्हर्लिननं उताराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला वाटलं, वाऱ्यानं फाटून जावं.

"तुमची जीभ ठीक आहे, मार्लिसबाई. चूक माझी आहे."

"म्हणजे विहीर गेली?"

व्हर्लिननं पाणी तपासणाऱ्याला बोलावलं. उत्तर त्यानं दिलं. विहिरीत मीठ उतरलं होतं, ते निघायला कित्येक वर्षं लागणार होती.

आता व्हर्लिननं पक्की फरशी, तीन भिंती आणि छप्पर बांधलं आहे. मीठ बारा महिने आत असतं. दर सोमवारी तो स्वतः म्हातारीकडे पाण्याचे कॅन पोचवतो. ती अजून कॉफी आणते, पण पाण्याचं कौतुक करत नाही. तो खाली मान घालून पितो.

माझा धड राहिलेला तुकडा कापून त्यानं त्या हातपंपावर बांधला. मित्रांनो, कुणी काही राखायला दिलं तर ऋतू बदलला म्हणून उठून जाऊ नका. परवा पाऊस आला. मी एकही थेंब आत जाऊ दिला नाही. खाली पंप कोरडा राहिला, पण त्याचं पाणी आता कुणी पीत नाही.