दोन पडद्यांची पाटी

कळंबोलीच्या लोखंड बाजारामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये रविवारी सकाळी चारशे माणसं श्वास रोखून बसली होती. स्टेजवर नेत्रनाथ महाराजांनी कडीला धरून एक जाडजूड काळी पाटी वर उचलली. पाटीला महाराजांच्या बाजूने पडदा, लोकांच्या बाजूनेही पडदा. समोर उभ्या असलेल्या बाईचं शरीर त्या पडद्यावर निळंहिरवं दिसत होतं आणि गळ्यापाशी लालभडक डाग.

"दिसला का रोग?" महाराज गरजले. "डॉक्टर सुया टोचतो, रक्त काढतो आणि म्हणतो, पुढच्या आठवड्यात या! आपली पाटी आतलं बाहेर दाखवते. का? कारण ही दुकानातली नाय. ही बारा वर्षं कैलासावर चार्ज झालीय!"

चारशे माणसांनी हात जोडले. महाराजांनी तीर्थात भिजवलेला फडका बाईच्या गळ्यावर दाबला, काहीतरी पुटपुटले आणि फडका उचलला. लाल डाग निळा झाला होता.

"उतरला रोग! आता औषधं बंद. पाटी आणि गोळी एका घरात नांदत नाय."

एरवी मी पोट धरून हसलो असतो. पण शेजारी माझा कोंडिबामामा खोकत बसला होता आणि त्याच्या रुमालावर रक्त होतं.

मामा वाशीच्या बाजारात तीस वर्षं गोण्या वाहणारा माथाडी. त्याला टीबी झाला. सरकारी गोळ्या सहा महिने घ्यायच्या होत्या, त्याने दोन महिने घेतल्या. त्यानंतर ही पाटी त्याच्या छातीसमोर आली, छातीचा लाल डाग निळा झाला आणि गोळ्या सुटल्या. त्याला चाळीस दिवस झाले होते. मी सहा वेळा समजावून थकलो होतो. शेवटी गोजरामामी महाप्याला माझ्या ऑफिसच्या गेटवर येऊन उभी राहिली.

"विश्वजित, म्या पाया पडले त्येंच्या. गोळ्या दुधात कालवल्या, तर दूध मोरीत वतलं. म्हनले, पाटीचा अपमान व्हतो. आता मला दुसरं कुनी न्हाई रं."

तिने मोबाईलवर पाटीचा फोटो दाखवला आणि माझी तळपायाची आग मस्तकात गेली. ती पाटी मी ओळखत होतो. नवे टॅबलेट कॉम्प्युटर वापरून, आपटून, भिजवून त्यांचे गुणदोष लिहायचे, हेच माझं काम. या टॅबलेटचा अहवाल मीच लिहिला होता. साहेबांची सही घेऊन मी आमच्याकडचा तसाच टॅबलेट पिशवीत घातला आणि रविवारी मामा-मामींबरोबर शेडमध्ये येऊन बसलो.

मामाचा नंबर आला तेव्हा मीही त्याच्याबरोबर वर गेलो. पिशवीतला टॅबलेट काढून महाराजांसमोर धरला. माझ्या पडद्यावर महाराजांचं कपाळ लालबुंद झालं.

"महाराज, तुमच्या डोक्यात तर माझ्या मामापेक्षा मोठा रोग निघाला!"

शेडमध्ये गलका झाला. एकजण ओरडला, "ए, खाली उतर!" दुसरा म्हणाला, "थांब जरा, याच्याकडं बी पाटी हाय."

"ही पाटी नाही, टॅबलेट आहे," मी म्हणालो. "कारखान्यात तापलेली वायर शोधायला बनवलाय. दोन पडदे अशासाठी, की वायर जोडणारा आणि समोरचा मदतनीस दोघांनाही दिसावं. यंत्र चांगलं आहे. डोक्याएवढ्या उंचीवरून पडलं तरी फुटत नाही, उन्हात दिसतं, बॅटरी दोन दिवस जाते. पण त्याची खोटही ऐका. ते फक्त वरवरची उष्णता बघतं. कातडीच्या आत त्याला काही म्हणजे काही दिसत नाही. आणि समोर जे असेल त्यातलं सगळ्यात गरम ते लाल रंगवतं. त्यामुळे धडधाकट माणूस उभा केला तरी कुठेतरी लाल दिसणारच."

"नास्तिक आहे हा! याच्या नजरेने पाटी बाटेल!" महाराज ओरडले.

मी पुढच्या रांगेतल्या एका बाईंच्या हातातला चहाचा गरम ग्लास मागून घेतला, प्लॅस्टिकच्या खुर्चीवर टेकवला, उचलला आणि टॅबलेट खुर्चीकडे वळवला. रिकाम्या खुर्चीवर लालभडक गोल उमटला.

"बोला महाराज, खुर्चीला कोणता रोग झाला?"

पुढचे काहीजण हसले. पण मागून एका म्हाताऱ्याने हात जोडून विचारलं, "मग लालाचं निळं कसं व्हतं, बाबा? माझ्या नातीचं झालं. म्या डोळ्यानं बघितलं." त्याच्या आवाजात भांडण नव्हतं, विनवणी होती. माझं म्हणणं खरं निघू नये, असंच त्याला वाटत होतं.

मी तोंड उघडायच्या आत मामाने स्टेजवरच्या तीर्थाच्या हंड्यात हात घातला. मूठभर बर्फ बाहेर काढला आणि बघतच राहिला.

"कोरोनात बाजाराच्या गेटवर कपाळाला ताप मोजायचं पिस्तूल लावायचे," तो हळूहळू बोलू लागला. खाली बसलेले माथाडी पुढे सरकले. "ताप दिसला की घरी, खाडा. मग आमी गेटच्या अलीकडं नळाखाली टकुरी धरायचो, वला गमजा कपाळाला बांधायचो. पिस्तूल गार दाखवायचं आन् ताप तसाच आत. पोरास्नी मीच शिकवलं व्हतं." त्याला खोकल्याची उबळ आली. "आन् म्या त्याच यंत्राच्या पाया पडलो."

माथाडी एकमेकांकडे बघायला लागले. नळाखाली त्यांनीही डोकी धरली होती. महाराजांनी पाटी काखेत मारली आणि मागच्या दाराने गाडी गाठली. सगळे काही माझ्या बाजूने झाले नाहीत. एका बाईने जाता जाता मला शाप दिला. तिच्या मुलाची किडनी गेली होती आणि मी तिची शेवटची आशा हिसकावून घेतली होती.

जादूटोणाविरोधी कायद्याखाली तक्रार द्यायला दुपारी आम्ही पोलीस चौकीत गेलो. सोमवारी मामाला दवाखान्यात नेलं. डॉ. प्रियदर्शिनींनी थुंकीची पुन्हा तपासणी करायला सांगितली. रिपोर्ट आला तेव्हा त्यांनी आम्हाला समोर बसवून घेतलं.

"मधेच गोळ्या सोडल्या की असं होतं," त्या म्हणाल्या. "मुख्य औषध आता यांना लागू पडत नाही. दुसरी औषधं द्यावी लागतील. जास्त दिवस घ्यावी लागतील आणि ती सोसायला जड जातात."

"पन बरं व्हतील ना?" मामीने विचारलं.

"आम्ही पूर्ण प्रयत्न करू." एवढंच त्या बोलल्या.

मी चिडून लिहितो आहे, हे मला कळतं. यंत्र खोटं नव्हतं आणि आमची माणसंही मूर्ख नव्हती. यंत्राला काय दिसत नाही, हे कोणी विचारलं नाही, एवढंच. तुमच्यासमोर कोणी चमत्कार धरला, तर हा एक प्रश्न तेवढा विचारा. आणि चालू असलेली गोळी डॉक्टरला विचारल्याशिवाय एक दिवससुद्धा सोडू नका. मामाच्या छातीत ते चाळीस दिवस अजून आहेत, आणि ते कुठल्याच पडद्यावर दिसत नाहीत.