काचेपलीकडची मेव्हिस

— सांगितलंस का तिला?
— नाही.
— अगं, उद्या जाईल ती!
— ठाऊक आहे मला. तू तुझा धोटा बघ, कांडी संपत आलीय.

रेघेनंतरचं बोलणं बिनआवाजाचं आहे. ते डोळ्यांनी ऐकायचं. अवतरणचिन्हांतलं कानांनी.

इंग्लंडातल्या पॅडिहम गावच्या आमच्या कापडगिरणीत माग सुरू झाले की स्वतःचा खोकलासुद्धा ऐकू यायचा नाही. म्हणून आम्ही विणकर बाया ओठांनी बोलायचो. तोंड मोठं उघडून, भुवया उडवून. पार पलीकडच्या रांगेतल्या बाईच्या नवऱ्यानं काल काय गोंधळ घातला, ते इथे उभ्या उभ्या कळायचं. खासगी काही असलं की तोंडाला हाताचा आडोसा करायचा. तो विसरला तर अख्ख्या खात्याला बातमी.

शेजारच्या मागावरच्या झिलानं आडोसा केला. माझ्या बाजूनं तेवढी फट.

— आईला शब्द दिलाय, नॅन. बायबलवर हात ठेवून.
— आई गेली की गं तुझी.
— आई गेली. शब्द कुठे गेला?

आमच्यावर देखरेख करणारा जॉबर मागांच्या मधून येताना दिसला. आम्ही दोघी आपापल्या सुताकडे वळलो.

*

झिला सतरा वर्षांची असताना तिला दूरच्या मावशीकडे धाडलं. मावशी आजारी आहे म्हणे. इकडे तिची आई पोटाला उशी बांधून दर रविवारी चॅपलला जाऊ लागली. पुढे झिला घरी परतली ती तान्ह्या मेव्हिसची थोरली बहीण होऊन.

गल्लीला खरं वाटलं की गल्ली गप्प बसली, देव जाणे. मला झिलानंच सांगितलं, मागावर, हाताआडून.

*

मेव्हिस तेरा वर्षांची झाली तेव्हा झिलाची आई झिलाला म्हणाली, "सोमवारपासून हिला तुझ्याबरोबर ने. तुझ्या हाताखाली शिकेल."

"ही गिरणीत यायची नाही."

"का? राणीसाहेब लागून गेलीय का ती?"

"हिच्या वाटचंही मी विणीन. पण ही त्या दारातून आत यायची नाही."

मेव्हिस टोप्यांच्या दुकानात लागली. हात मऊ राहिले, आवाज हळू राहिला. आम्ही मात्र घरीदेखील ओरडून बोलायचो.

लहानपणी ती चहाचा डबा घेऊन गिरणीच्या फाटकाशी यायची. आम्ही बाहेर पडलो की आमच्यासमोर उभी राहून नुसतंच तोंड वाकडंतिकडं उघडायची, मिटायची.

"काय बडबडतेस गं?" झिला विचारायची.

"मला काय ठाऊक! तुम्ही करता तसं करतेय, ताई."

आम्ही पोट धरून हसायचो. झिला सगळ्यांत जास्त.

*

मेव्हिसच्या नवऱ्याला, सिरिलला, कॅनडात रेल्वेत काम मिळालं होतं. लग्नानंतर महिन्याभरातच निघाले दोघं. शनिवारी दुपारी गिरण्या सुटल्या आणि डोक्यावरची शालसुद्धा न बदलता बाया थेट स्टेशनवर आल्या. फलाटभर लाकडी तळव्यांच्या बुटांची खडखड.

सिरिलची आई केझाया पुढेच उभी. तीही विणकर, नदीपलीकडच्या गिरणीतली. चॅपलमधली कडक बाई. थोरल्या मुलाचं ठरलेलं लग्न तिनं मोडलं होतं, का, तर मुलीच्या बापाचं नाव कुणाला सांगता येत नव्हतं.

"पोरी, याला स्वयंपाकघरात शिरू देऊ नकोस," ती सुनेला सांगत होती. "चहाचं आधण करपवतो हा."

"आई, पाणी कधी करपतं का?" सिरिल म्हणाला.

"तुझ्या बापानं करपवलं होतं!"

मेव्हिस हसता हसता झिलाच्या गळ्यात पडली. "ताई, रडायचं नाही हं. नाहीतर मीही रडेन."

"मी कशाला रडू? घरभर तुझ्या टोप्यांची पिसं. सुटले एकदाची." झिलानं तिची कॉलर सरळ केली. सरळच होती ती. "डब्यात आल्याचा केक आहे. बोटीवर मळमळलं तर खा."

मी तिला कोपरानं ढोसलं. आता. सांग आता.

"लोकरीचे मोजे वरच आहेत," झिला म्हणाली.

शिट्टी झाली. दारं आपटली. मेव्हिस आत जाऊन खिडकीशी बसली. काच वर चढलेली, ती काही केल्या उतरेना. तिनं बोटांनी काचेवर टकटक केलं.

गाडी हलली.

आणि झिला चालू लागली, गाडीबरोबर. दोन्ही हात खाली. तोंड मोठं उघडून, भुवया उडवून, मागावर बोलतो तसं:

— मी आई आहे तुझी. मेव्हिस. ताई नाही. आई.

हात खाली. आडोसा नाही. आणि फलाटावर सगळ्या विणकर बाया.

कुणी एकदम स्टेशनच्या घड्याळाकडे बघू लागली. कुणी शालीची गाठ सोडून पुन्हा बांधली. एक तर वाकून बुटाची कडी चाचपत राहिली. आमच्यात मान फिरवणं म्हणजे कान झाकून घेणं.

काचेपलीकडे मेव्हिसनं कपाळाला आठ्या घातल्या. मान हलवली. मग तिला काहीतरी आठवलं आणि ती हसली. तिनं तोंड उघडलं, मिटलं, वाकडं केलं, गोल केलं, पुन्हा उघडलं. फाटकापाशी करायची तसं. डोळ्यांतून पाणी वाहतंय आणि तोंड चाललंय.

झिला मान डोलवत राहिली. हो, हो. कळलं, कळलं.

गाडी गेली.

केझाया झिलाच्या दिशेनं निघाली. बाया बाजूला झाल्या. मी झिलाजवळ सरकले. सून अजून लिव्हरपूलला, बोटीपर्यंतसुद्धा पोचली नव्हती.

केझाया झिलासमोर थांबली. तिनं हात उचलला आणि स्वतःच्या तोंडाशी आडोसा केला. मी झिलाच्या खांद्याला लागून होते, म्हणून मला दिसलं.

— गुणाची वाढवलीस हो लेक.

हात खाली आला.

"चला विहीणबाई, चहा घेऊ," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "पाय गारठले माझे."

*

सोमवार. माग सुरू.

— काय म्हणाली गं ती, काचेतून?

झिलानं नवी कांडी धोट्यात बसवली. धोटा ओठांना लावून भोकातून सूत ओढून घेतलं. माग चालू केला. मग माझ्याकडे वळून तोंडासमोर हात धरला.

या खेपेला माझ्या बाजूनंही फट नव्हती. हाताआड तिचे गाल हलत राहिले, बराच वेळ.