साधी तार

हेमचंद्रला मी चार वर्षांत एकदाही पाहिलं नव्हतं, पण त्याचा हात मी झोपेतही ओळखला असता. तो अमरावतीच्या तार ऑफिसात, मी अकोल्याच्या, आणि मध्ये साठेक मैल तार. अक्षर संपताना तो किंचित रेंगाळायचा, जेवण झाल्यावर जरा जास्तच. तारेचे ठोके वाजवणाऱ्या साउंडरमागे सिगरेटचा रिकामा डबा खोचला की टकटक खणखणीत यायची. थंडीच्या दिवसांत जिनिंगमधून उडालेला कापूस खिडकीतल्या उन्हात तरंगत असायचा. मग माझे डोळे अर्धे मिटायचे, हात मात्र लिहीत राहायचा. काय लिहिलं ते मलाच नंतर वाचून कळायचं.

तारांना क्रम असतो. आमच्या लायनीवर मरणाची तार सगळ्यांत पुढे, तिच्या डोक्यावर दोन फुल्या. त्यानंतर एक्स्प्रेस, शेवटी साधी. आजारपणाची तार कुणी एक्स्प्रेस केली नसेल तर ती साध्यांतच पडायची, लग्नाच्या आणि बारशाच्या तारांबरोबर. या क्रमाचा मला भारी अभिमान होता, आणि त्याला कारण होतं. लहानपणी अमरावतीलगतच्या आमच्या गावच्या विहिरीवर माझी आई, दुर्गाबाई, घागर घेऊन तासन् तास उभी राहायची. कुणाला दया आली तर वरून पाणी ओतायचं, नाही तर नाही. छप्पन साली आम्ही दीक्षा घेतली, पुढच्या वर्षी मी या खुर्चीवर बसलो, आणि इथली रांग कुणाची जात विचारत नव्हती. कागदावर शेरा असेल तोच खरा. एक्स्प्रेसला दुप्पट पैसे पडतात, हे मात्र मी ध्यानात येऊ देत नव्हतो.

एकसष्ट सालचा कापसाचा हंगाम होता. अमरावतीहून दलालांच्या एक्स्प्रेस तारा सकाळपासून धो धो येत होत्या. पावणेअकराच्या सुमाराला हेमचंद्र मध्येच थांबला आणि त्यानं विचारलं, "एक साधी आहे. पह्यले घेतं का?" त्याला ही खोड होतीच. कुणाची म्हातारी खिडकीशी रडली की हा विरघळायचा. मागे एकदा मी त्याला यावरून चांगलाच झापला होता. मी कळवलं, क्रमानं पाठव. त्यानं पुन्हा काहीतरी सुरू केलं. मी माझ्या बाजूनं लाइन तोडली; तशी तोडली की पलीकडचा हात मुका होतो. तसा तो मुका झाला. मी लाइन जोडली तेव्हा त्यानं निमूट पुढची एक्स्प्रेस सुरू केली. सरकीचा भाव होता तिच्यात.

अडीच वाजता दोन फुल्या आल्या. डोळे अर्धे मिटलेले, हात लिहीत होता. पत्ता झाला, मजकूर झाला, पोच दिली. मग सवयीनं कागद उचलून वाचला. शेषराव, तार ऑफिस, अकोला. आई दोन वाजता गेली. खाली बहिणीचं नाव, शालू.

मी कागद उलटा ठेवला. आमचे साहेब, बापूसाहेब, जवळ आले, वाचून खांद्यावर हात ठेवला आणि बदली माणूस म्हणून मोतीरामला बोलावणं पाठवलं. गाडी चारला होती. तो येईपर्यंत लाइन रिकामी सोडता येत नव्हती, म्हणून मी बसून राहिलो आणि सरकी, रुई, गाठी उतरवून घेत राहिलो. रडू येत नव्हतं. सगळं फार लांबून ऐकू येत होतं.

तीनच्या पुढे एक्स्प्रेस तारा संपल्या. मग हेमचंद्रनं अगदी हळू हात चालवला.

"ते सकाळची साधी रायली. तुहीच होती. आता नको पाठवू का?"

मी कळवलं, पाठव.

आई फार आजारी. तुझी आठवण काढते. लगेच ये. शालू.

खरं सांगतो, तेवढ्या चार ओळींपुरती माझी आई उठून बसली. कागदांच्या क्रमानं पाहिलं तर ती आधी गेली होती आणि आता नुसती आजारी होती, मला हाका मारत होती. आणखी एखादी जुनी तार मागून आली असती तर ती अंगणात उभी दिसली असती. मी पोच देईना. पोच दिली नाही तर तार पोचली असं होत नाही, आणि तोवर ती वाट पाहत राहील, असं काहीतरी मनात चाललं होतं. हेमचंद्रनं दोनदा पोच मागितली. मोतीराम दारात आला तेव्हा मी ती दिली. कागदाच्या कोपऱ्यात घेतल्याची वेळ लिहिली, तीन चाळीस. अमरावतीला दिल्याची वेळ होती दहा चाळीस. अकराची गाडी दीड वाजता गावी पोचवते. अर्धा तास मिळाला असता.

दिवेलागणीला घरी पोचलो. आईला अंगणात घेतलं होतं. तिची मान दाराकडे वळलेली होती, कुणी सरळ केली नव्हती. शालू माझ्याजवळ बसून सकाळपासूनचं सांगू लागली.

"तार टाकून आली तं म्या म्हटलं, माय, दादाले लवकर भेटन का नाई? तं थे हासली. म्हणे, कावून नाई भेटन? थो तारेपाशीच बसला असते. सगळ्याइच्या पह्यले त्यालेच भेटन."

दुपारपर्यंत ती दर पावलाला दाराकडे बघत होती, असंही शालूनं सांगितलं.

मी म्हणालो, तार उशिरा आली.

"लायनीवर गर्दी असन," शालू म्हणाली.

मी हो म्हटलं.