नत्थुजींचा टाक

“मॅडम, भारताचा इतिहास आज दुपारी बदलणार आहे,” असं जाहीर करून गजेंद्रने स्टीलचा डबा रागिणीताईंच्या टेबलावर ठेवला. झाकण काही निघेना. शेवटी त्याच्या मायने, मैनाबाईने, डबा मांडीवर घेतला, एका बुक्कीत उघडला आणि लगबगीने डोक्यावर पदर ओढला.

आत तांदूळ. तांदळावर हळदीने पिवळं झालेलं नाणं.

मैनाबाईच्या लेखी ते नाणं नव्हतंच. तो टाक होता, पूर्वजाचा चेहरा कोरलेला. देव्हाऱ्यातला, आजेसासरे नत्थुजींचा. पन्नास वर्षं तिने त्याला रोज पाणी घातलं, पितरांच्या दिवशी घास टाकला, आणि त्याच्यापुढे उघड्या डोक्याने कधी बसली नाही. गजेंद्रने यंदा फोनवर तसल्याच रोमन नाण्याचं चित्र पाहिलं आणि टाक संग्रहालयाला द्यायचं ठरवलं. शेजारी लावायच्या पाटीचा मजकूरही खिशात तयार होता. त्यात त्याचं नाव रोमच्या आधी येत होतं. मायने हो म्हटलं नव्हतं. पण देवाला एकटं कसं धाडायचं, म्हणून पातूरहून अमरावतीपर्यंत एसटीत तीच डबा धरून बसली.

“हे घासता कशाने?” रागिणीताईंनी भिंग लावत विचारलं. जुनी नाणी ओळखण्यात त्यांची नोकरी सरली होती; आता लोक घरी आणून दाखवत.

“चिंचेनं. दर दिवाळीले. वरून राख.”

रागिणीताईंनी डोळे मिटले. ओळखीचं कुणी गेल्याचं कळावं तसे. मग बराच वेळ नाणं उजेडात फिरवलं.

“ब्राँझ. रोमन. अगदी खरं.”

“पाह्य माय! म्या काय म्हनलं होतं?”

“मागे पक्षी आहे.”

“कोंबडा हाय तो,” मैनाबाई म्हणाली. “नत्थुजींले कोंबड्याईचा लय शौक.”

“राखेतून पुन्हा उठणारा पक्षी आहे, मावशी. आणि हे नत्थुजी नाहीत. हा रोमचा बादशहा, फ्लावियस ज्युलियस कॉन्स्टन्स. पावणेसतराशे वर्षं झाली.”

मैनाबाई नाण्यावर वाकली. गजेंद्र बोलला. “म्हनूनच म्हनतो, संग्रहालयात देऊ.”

“घेतील ना. असली चाळीसेक आहेत त्यांच्या कपाटात.”

“अन् पाटी?”

“पाकिटावर नंबर घालतात.”

“तिथं पानी कोन घालते याले?” मैनाबाईने विचारलं.

“कुणी नाही. पाण्याने नाणी खराब होतात.”

“याले पोरंबाळं?”

“नोंद नाही. तिशीच्या आतच गेला. त्याच्याच माणसांनी मारलं. देवळात लपला होता म्हणतात, तिथून ओढून काढला.”

“बाप्पा!”

तिचा पदर मागे घसरला. तिने तो सावरला नाही. बादशहाच्या गालाला चिकटलेला तांदळाचा दाणा तिने अंगठ्याने अलगद काढला.

“पोरगंच हाय हे तं.”

गजेंद्र तिच्याकडे बघत राहिला. मग खिशातला मजकूर आणखी एक घडी घालून आत ढकलला.

“मंग नत्थुजींचं काय करतं, माय?”

“त्याईचे आपन आहो ना. याचं कोन हाय? बसतीन दोघं एकाच टाकात.”

“ठेव मंग घरीच.”

मैनाबाईने टाक पुन्हा तांदळात ठेवला, डबा छातीशी धरला आणि रागिणीताईंकडे वळली.

“ताई, याचं नाव कागदावर लिहून द्या. घास टाकताना घ्या लागते.” ती जरा थांबली. “पन लय लांब हाय. थोडं लहान करून देता का?”